रिकाम्या हौद्यातला भार

१

रिकामी गाडी भरल्या गाडीसारखी खाली बसलेली तुम्ही कधी पाहिली आहे काय? पाहिली नसेल, तर देवाचे आभार माना. पाहिली असेल, तरीही माना. दत्तारामने ती पाहिली, आणि त्याच्या बहिणीच्या हातचे जेवण तो आजही जेवतो, ते त्यामुळेच.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई रस्त्यावर उतरली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. दत्ताराम लालबागेत गंगुबाईंच्या खानावळीची पिकअप चालवीत असे. गाडी लढाईच्या काळातली. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. रोज साडेदहाला हौद्यात भाताची आणि आमटीची पातेली चढत, भाकऱ्यांच्या टोपल्या चढत, आणि ते सारे धरून बसायला तीन बायका चढत: स्वतः गंगुबाई, त्यांच्या मदतीच्या आनंदीबाई, आणि दत्तारामची विधवा बहीण सुभद्रा. गाडी करी रोडचा पूल ओलांडून पलीकडच्या गिरण्यांकडे जाई. मधल्या सुट्टीचा भोंगा होण्याआधी ती फाटकाशी उभी असे. सहा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

गाडीचे मागचे पाटे मात्र थकले होते. पाटे म्हणजे एकावर एक बांधलेल्या वाकदार पोलादी पट्ट्या. रस्त्याचा धक्का त्यांनी सोसायचा, वर बसलेल्यांना लागू द्यायचा नाही. गंगुबाई म्हणत, "दत्ताराम, तुझ्या गाडीतून आणली की आमटी तिथे पोचेपर्यंत पुन्हा घुसळून निघते, आणि आम्हीही." तो हसून सोडून देई. मार्गशीर्षातल्या एका दुपारी गिरणीच्या फाटकाशी गाडी वळवताना उजव्या बाजूचा मुख्य पाटा मोडला. वेग नव्हता, म्हणून कुणाला काही झाले नाही. तेव्हा त्याला हसू आले नाही.

२

परळच्या नाक्याजवळ कुशाबा मिस्त्रींचे छोटे गॅरेज होते. साठी ओलांडलेला, मितभाषी माणूस. गाडीखाली शिरण्याआधी जमिनीला हात लावून नमस्कार करणारा. मोडलेला पाटा त्यांनी उलटसुलट पाहिला आणि सांगितले, की आता एकच पट्टी बदलून भागणार नाही; नवी पट्टी जुन्यांना जुमानत नाही, जुन्या नवीला साथ देत नाहीत. दोन्ही बाजूंचे संच बदलायचे, आणि तेही एकाच जोडीचे.

कोरा माल परदेशातून येणार, त्याला दोन महिने लागणार. दोन महिने खानावळीची चूल कुणासाठी पेटवायची? तेव्हा वापरलेला पण धड संच शोधणे भाग होते. कुशाबांचा पाय त्या वेळी सुजलेला होता. ते बाजारात येऊ शकत नव्हते. त्यांनी आपली लहान हातोडी दत्तारामच्या हाती दिली आणि काय पाहायचे ते सांगितले. पट्ट्या मोजून सात असाव्यात. कमान दोन्ही बाजूंना सारखी असावी. टोकांची भोके घासून लांबट झालेली नसावीत. रंगाला भुलू नये.

"आणि मुख्य पाटा दोरीला टांगून वाजव," ते शेवटी म्हणाले. "धड असेल तर घंटेसारखा घुमेल. तडा असेल तर थप्प बोलेल. नुसता वाजवू नकोस. ऐक. ऐकल्याशिवाय उचलू नकोस."

३

गिरगावच्या टोकाला मोटारींचा सुटा माल विकणाऱ्यांच्या गल्ल्या होत्या. त्यांतल्या एका गल्लीत गुणाजीबुवांचे दुकान होते. बुवा दत्तारामच्याच गावचे, मालवणाकडचे. भजनात टाळ धरणारा त्यांच्यासारखा दुसरा नाही, असा लौकिक होता. आणि लोखंडाची पारख डोळे मिटून नुसत्या नादावर करावी ती बुवांनीच, असेही बाजार म्हणे. दुकानात गल्ल्याच्या वर देवाची तसबीर होती आणि तिच्यापुढे पितळेची लहान घंटा टांगलेली होती.

दत्तारामने तीन संच पाहिले. पहिल्यात पट्ट्या पाचच होत्या. दुसऱ्याची भोके घासून बोटभर लांब झाली होती. तिसरा संच सात पट्ट्यांचा, कमान रेखीव, वर काळा कुळकुळीत रंग. जणू त्याच्या गाडीसाठीच घडवलेला. बुवांनी मुख्य पाटा सोडवून दोरीला टांगला. दत्तारामने हातोडी उचलली.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी मोर्चा आला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही एकच आरोळी हजार गळ्यांतून उठली आणि दुकानाच्या फळ्या हादरल्या. दत्तारामने पाट्यावर हातोडी मारली. पाटा हलला. नाद त्याच्या कानापर्यंत आलाच नाही. त्याने पुन्हा मारली. तेच.

"मोर्चा जाऊ दे, बुवा. मग वाजवू," तो म्हणाला.

"ह्यो मोर्चा सांजेपर्यंत सरूचो नाय, आणि उद्या हरताळ," बुवा म्हणाले. "माका आयकाक इला. स्वच्छ वाजता."

दत्ताराम तरी हातोडी धरून उभा राहिला. तेव्हा बुवांनी वळून देवापुढच्या घंटेवर तळहात ठेवला.

"माझ्यार इश्वास नाय काय रे तुझो? ह्या घंटेर हात ठेवून सांगतंय. ह्या पाट्यात तडो नाय, आणि ह्यो अपघाताच्या गाडयेचो नाय. आता तरी झाला?"

गाववाल्याने देवाची शपथ घेतल्यावर पुन्हा हातोडी उचलणे म्हणजे त्याला चारचौघांत खोटा म्हणणे. दत्तारामने हातोडी खिशात ठेवली.

परळला कुशाबांनी एवढेच विचारले, "वाजवलास ना?"

"वाजवला," दत्ताराम म्हणाला.

ते खोटे नव्हते. खरेही नव्हते.

४

पाटे चढले. कुशाबांनी जॅक सैल करून गाडी चाकांवर उतरवली आणि हौद्याखाली हात घालून अंतर मोजले. रिकाम्या गाडीत चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि पाटा यांच्यामध्ये एक वीत राहावी असा त्यांचा हिशेब. वीत बरोबर भरली. समाधानाने दोघे हात धुवायला नळाकडे गेले.

मागे गाडी कुरकुरली.

दत्तारामने वळून पाहिले. गॅरेजात दुसरे कुणी नव्हते. भर दुपार, पत्र्यावरून ऊन ओसंडत होते. कुशाबांनी पुन्हा हात घातला. वितीऐवजी चारच बोटे उरली होती.

"पाट्यांच्या टोकांतले बुश नवे आहेत. बसतात कधीकधी," ते म्हणाले. पण हात पुसताना ते हौद्याकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि गाडीपुढे नारळ फोडताना त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटले.

५

पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांनी पाट्यांची वाखाणणी केली. पुलाच्या उतारावर पातेल्याचे झाकणही हलले नाही. गाडी जड, संथ आणि सांभाळून चालल्यासारखी चाले.

"दादा, पाटे छान आहेत हो," सुभद्रा म्हणाली. "पण मागे पूर्वीसारखं ऐसपैस बसता येत नाही. आनंदीबाई फुगल्या वाटतं."

"माझ्या नावावर ढकल," आनंदीबाई म्हणाल्या. "तूच कोपर मारतेस मघापासून."

"मी? माझे दोन्ही हात पातेल्यावर."

तिघी हसल्या. दत्तारामही हसला असता, पण त्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी त्याने जे ऐकले होते, ते त्याच्या मनातून जात नव्हते.

बायका पातेली घेऊन आत गेल्या होत्या. भोंगा होऊन गेला होता. जेवणाची ती वीस मिनिटे गिरणीसुद्धा गप्प असते. साचे-माग थांबलेले, रस्ता ओस. दत्ताराम भिंतीच्या सावलीत बसला होता. गाडी समोर, उन्हात, रिकामी.

कुर्र. हौदा बोटभर वर आला.

थोडे थांबून पुन्हा, कुर्र. पुन्हा बोटभर.

असा आवाज त्याच्या ओळखीचा होता. हौद्यातून माणूस उतरला की पाटा असाच सुटतो. एक उतरतो, मग दुसरा. घाई नाही, धक्काबुक्की नाही. त्याने न ठरवता मोजले. नऊ वेळा. मग गाडी स्तब्ध झाली, आणि त्याने वाकून पाहिले तेव्हा चासीखाली पूर्ण वीतभर मोकळी जागा होती.

बायका परत येण्याच्या थोडे आधी तोच आवाज उलट्या क्रमाने झाला. नऊ वेळा. चार बोटे. मग बायका चढल्या, आणि त्यांच्या वजनाने गाडी तसूभरही आणखी वाकली नाही.

६

दत्ताराम भित्रा नव्हता आणि भोळाही नव्हता. त्याने स्वतःला समजावले, की उन्हाने लोखंड ताणते आणि सावलीत आखडते. की ग्रीस नवे आहे. की मोजणारा मोजू लागला म्हणजे त्याला कुठलाही आकडा सापडतो. पण गाडी सावलीत उभी केली तरी नऊच. सकाळच्या गारव्यात उभी केली तरी नऊच.

चौथ्या दिवशी केबिनच्या पाठीमागच्या काचेवर त्याला पिवळा डाग दिसला. जवळ जाऊन पाहिले तर तो तळहाताचा ठसा होता, लहानसा, बोटे पसरलेली. त्याने पुसला. बोटांना हळदीचा वास आला. खानावळीची गाडी, बायकांचे हात हळदीचे असायचेच. त्याने तसेच मनाला सांगितले, आणि मग त्याच्या ध्यानात आले, की हौद्यात बसलेल्या बाईचा हात त्या उंचीपर्यंत पोचत नाही. उभे राहून, दाटीत तोल सावरताना, काचेचा आधार घेतला तरच पोचेल.

त्याने कुणाला सांगितले नाही. संध्याकाळी दिवा लावताना हात जोडून तो एवढेच म्हणाला, की माझे काही चुकले असेल तर ते माझ्या पदरात टाक, बायकांच्या नको. काय चुकले होते ते त्याला ठाऊक होते. तो दोनदा वाजवून एकदाही न ऐकता परतला होता.

७

पाचवा दिवस शुक्रवार होता. खानावळीच्या दारात पातेली चढली, टोपल्या चढल्या. तिघी बायका पदर खोचून फळीशी आल्या.

कुर्र, कुर्र, कुर्र. आज आवाज घाईचे होते, एकमेकांवर आदळणारे. गाडी सुटायच्या वेळी धावत येऊन माणसे चढावीत तसे. दत्ताराम चाकाशी वाकून पाहत होता. चार बोटे झाली. मग तीन. मग एक. नवव्या आवाजाला चासी पाट्यावर टेकली आणि गाडी मुकाट झाली.

तो उठून केबिनमध्ये शिरला. आत अंधारले होते. बाहेर लख्ख ऊन असताना पाठीमागच्या काचेतून प्रकाशाची तिरीपही येत नव्हती. काच गच्च भरली होती: खांदे, पाठी, कुणाच्या तरी मुंडावळ्यांची हलणारी टोके, आणि मधोमध टेकलेला एक लहान, पिवळा तळहात. तो हात आत यायला धडपडत नव्हता. दारात अडवणारा माणूस जसा हात धरतो, तसा तो होता.

दत्ताराम खाली उतरला. बाहेरून पाहिले तर हौद्यात पातेली होती, टोपल्या होत्या. बाकी सगळा मोकळा.

"चढू का?" सुभद्राने विचारले.

"नको," तो म्हणाला. "आज गाडीत जागा नाही."

तिने मोकळ्या हौद्याकडे पाहिले, मग भावाकडे. गंगुबाई म्हणाल्या, की एवढे मोठे मैदान पडले आहे आणि याला जागा दिसत नाही, याचे डोळे तपासायला हवेत. दत्तारामने हात जोडले. सहा वर्षांत त्याने त्यांच्यापुढे कधी हात जोडले नव्हते.

"तुम्ही तिघी पायी या. जेवण मी पोचवतो. आजच्या दिवस माझं ऐका."

तिघी कुरकुरत निघाल्या. त्या पुलाच्या चढाशी पोचेपर्यंत तो थांबला, आणि मग त्यांच्या बाजूने हळू गाडी काढून पुढे झाला. शंभर गिरणीकामगार जेवणाची वाट पाहत होते. आणि जे व्हायचे ते आपल्या एकट्याचे होवो, एवढाच विचार त्याच्या मनात होता.

८

पुलाच्या माथ्यावरून गाडी उताराला लागली. वीसेक हात गेली असेल, तोच उजव्या बाजूने आवाज आला. मोठा नव्हता. थप्प.

गिरगावच्या दुकानात जो ऐकायचा होता, तो हाच.

मुख्य पाटा दोन तुकडे झाला, मागच्या चाकांचा आस तिरका फिरला, आणि सुकाणू हातात असूनही गाडी हाताची राहिली नाही. ती डावीकडे भिडली, हौद्याची फळी कठड्याच्या दगडांवर घासत गेली. पातेली उलटली, उकळती आमटी सुभद्रा रोज जिथे बसे त्या कोपऱ्यावर ओतली गेली आणि त्यावर लोखंडी फळी दुमडून पडली. मग कठडा ढासळला. पुढची चाके पुलाबाहेर गेली आणि तिथेच थांबली.

दत्तारामच्या पायांखाली रूळ दिसत होते. गाडीचे इंजिन पुढे, तिचा सारा जडपणा पुढे. मागे हौद्यात आता पातेलीही उरली नव्हती. गाडी पडायलाच हवी होती. पण तिचे शेपूट रस्त्याला घट्ट दाबून धरलेले होते.

तो दार उघडून, हौद्याच्या कडेला धरत, इंचाइंचाने मागे सरकला. काठाला त्याचा हात घसरला तेव्हा कशाचा तरी आधार मिळाला. कशाचा, ते त्याने पाहिले नाही, आणि पुढे कधी सांगितले नाही. त्याचे दोन्ही पाय रस्त्यावर टेकले.

तेव्हाच डावा पाटा बोलला. कुर्र.

थोडे थांबून, कुर्र.

या वेळी घाई नव्हती. माणसे मुक्कामाला पोचल्यावर उतरतात, तसे ते होते. दत्ताराम हात जोडून उभा राहिला. सातव्याला शेपूट वर उचलले गेले. नवव्या आवाजाबरोबर गाडी सावकाश पुढे कलली आणि रुळांच्या कडेच्या गवतात जाऊन पडली. खाली कुणी नव्हते. वर धुळीत उताराच्या दिशेने जाणाऱ्या पावलांचा आवाज थोडा वेळ येत राहिला. मग सुभद्रा धावत, रडत आली, आणि तिच्या आवाजात तो बुडून गेला.

९

कुशाबांनी तुटलेला संच गवतातून आणवला आणि पट्ट्या एकेक करून सोडवल्या. मुख्य पाट्याच्या तुटलेल्या कडेचा अर्धा भाग ताजा, चकचकीत होता. उरलेला अर्धा जुना, गंजलेला, वरून काही भरून रंगाने झाकलेला. पट्ट्यांच्या मध्ये, वाळलेल्या ग्रीसमध्ये, तांदळाचे दाणे अडकले होते. कुंकवाने लाल झालेले. कुशाबांनी त्या अक्षता तळहातावर घेतल्या, दत्तारामच्या हातात ठेवल्या, आणि आपली टोपी काढली.

दत्तारामने त्या देव्हाऱ्यात ठेवल्या. गाडी पडली त्या तिथीला गंगुबाईंच्या खानावळीत दर वर्षी पहिल्या पंगतीच्या आधी नऊ पाने वाढली जातात. त्या पानांवर कुणी बसत नाही. सुभद्रा उदबत्ती लावते, वाकून नमस्कार करते, आणि म्हणते, "सावकाश जेवा." ज्यांना घरी पोचवायला कुणी नव्हते, त्यांनी दुसऱ्यांच्या बायकांना घरी पोचवले, हे ऋण नमस्काराने फिटत नाही, पण नमस्कार चुकवू नये.

राहिले गुणाजीबुवा. अपघाताची चौकशी झाली. सिद्ध काही झाले नाही. आठवड्याने दत्ताराम आणि कुशाबा दुकानात गेले आणि त्यांनी तुटका पाटा बुवांपुढे ठेवला. बुवा म्हणाले, की माल गेला तेव्हा धड होता. कुशाबांनी पट्ट्यांतल्या अक्षतांचे सांगितले. बुवांचा रंग उतरला. तरी ते उठले आणि सवयीने त्यांचा हात घंटेकडे गेला.

"मी देवापुढे सांगतंय, ती व्हराडाची लॉरी, नऊ माणसां गेली ती..."

लॉरीचे नाव अजून कुणी काढलेच नव्हते.

बुवांचा हात लागून घंटा वाजली. लहानशी घंटा, पण नाद लख्ख होता, गल्लीपर्यंत गेला. बुवा मात्र तिच्याकडे चमकून पाहू लागले. त्यांनी ती हलवली. पुन्हा हलवली. जिभली धरून आपटली.

"दत्ता," त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "वाजता काय रे ही?"

"वाजते, बुवा," दत्ताराम म्हणाला.

त्या दिवसापासून बुवांना माणसांचे बोलणे ऐकू येई, मोर्चांच्या आरोळ्या ऐकू येत, वाऱ्याने हलणारा कागदसुद्धा ऐकू येई. फक्त धातूचा नाद येत नसे. धड पाटा, फुटका पाटा, सगळे त्यांना थप्प बोलत. वर्षाच्या आत धंदा गेला. भजनातला टाळ त्यांच्या हातात लाकडासारखा वाजे. ताल सुटू लागला तेव्हा मंडळींनी तो त्यांच्या हातून काढून घेतला.

पुढे कित्येक वर्षे गिरगावातल्या एका देवळात भर दुपारी, गर्दी नसताना, एक म्हातारा उभा दिसे. तो घंटेची दोरी ओढी, कान देई, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला विचारी, "वाजली काय हो?"

वाजली, असे सांगितले की तो मान हलवी, आणि पुन्हा दोरी ओढी.